अंगणाच्या फरशीखाली काय असावं?

महाराष्ट्राच्या पठारावर घरापुढे दगडी अंगण करायचं ठरलं, की बोलणं दगडाच्या नावापासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. शहाबादी घ्यावी की कोटा, तांदूरची पिवळी बरी की काळा पाषाण, कोकणात असेल तर जांभा चालेल का. हे प्रश्न निरर्थक नाहीत, पण अंगणाचं आयुष्य त्यांच्यावर फारसं अवलंबून नसतं. शहाबादी ही कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, भीमेच्या खोऱ्यातली चुनखडी. काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माणसांच्या चपला आणि स्कूटरची चाकं यांनी यातला कुठलाही दगड एका पिढीत झिजून जात नाही. तरीही उखडलेली, काठीने ठोकली तर पोकळ वाजणारी, पांढऱ्या डागांनी माखलेली अंगणं गावोगाव दिसतात. दगड शाबूत असतो, बिघडलेलं असतं ते त्याच्या खालचं. म्हणून वाद घालायचाच तर तो खालच्या थरांबद्दल घालावा. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेची रीत इथे उपयोगी पडते: आधी पूर्वपक्ष, तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मग उत्तर. समोर ठेवू या सहा बाय पाच मीटरचं, म्हणजे ३० चौरस मीटरचं अंगण. उन्हाळा कडक, पाऊस चार महिने.

पूर्वपक्ष : अंगण पक्कं हवं, एवढंच घरातल्यांचं मागणं असतं आणि ते रास्त आहे. तिथे म्हातारी माणसं चालतात, पोरं पळतात, वाळवणं पडतात, लग्नाचा मांडवही तिथेच उभा राहतो. पायाखाली डुगडुगणारा दगड कुणालाच नको. मग सरळ मार्ग असा: माती काढा, मुरूम भरा, सोलिंग करा, वर १० सेंटीमीटर काँक्रीट टाका, त्यावर सिमेंटच्या मालात फरशी बसवा आणि दर्जा, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, सिमेंटनेच भरून टाका. सगळं मिळून एकसंध होतं. पाणी वरून ढाळाने वाहून जातं, खाली शिरतच नाही. फटीच नाहीत म्हणून गवत नाही, मुंग्यांची वारुळं नाहीत, दगडाखाली विंचू नाही. हे काम कुठल्याही गवंड्याला येतं आणि चार दिवसांत उरकतं. खडी-वाळूवर नुसता दगड मांडून ठेवायचा, हे शेताच्या बांधाला ठीक. घराच्या दारात ते अर्धवट काम वाटतं.

उत्तरपक्ष : तुमच्या म्हणण्याचा सगळा भार एका वाक्यावर आहे: पाणी खाली शिरत नाही. हे वाक्य पहिल्या वर्षी खरं असतं. पुढे ते खरं का राहत नाही, हे उन्हाकडून समजून घ्यायला हवं, पावसाकडून नव्हे. पहाटे अंगणातला दगड २० अंशांवर असेल, तर भर उन्हात तोच ६० अंशांपर्यंत जाऊ शकतो. ४० अंशांच्या या फरकाने सहा मीटर लांबीतली चुनखडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर वाढते आणि तेवढंच लांब काँक्रीट अडीच मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकमेकांना घट्ट चिकटवलेले दोन थर वेगवेगळ्या मापाने ताणले जातात. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. ऊन वरून येतं, त्यामुळे दुपारी दगड तापलेला असतो आणि खालचं काँक्रीट अजून मागे असतं. रात्री दगड आधी निवतो आणि काँक्रीट ऊब धरून राहतं. ही ओढाताण रोज एकदा होते, वर्षाला ३६५ वेळा. वाडी-शहाबादच्या पट्ट्यातली चुनखडी भाजूनच तिथल्या कारखान्यांत सिमेंट तयार होतं, पण एका आईची ही दोन लेकरं उन्हात सारखी वागत नाहीत. ताण कुठेतरी सुटणारच. दगड सिमेंटच्या मालापेक्षा चिवट असतो, म्हणून तो सुटतो दर्जांतून आणि फरशीच्या पाठीवरच्या सांध्यातून. दर्जेत केसाएवढी चीर पडते. केसाएवढी चीर पाण्याला पुरते.

आता पावसाळा आणू. ५० मिलिमीटर पावसाची एक सर या अंगणावर दीड हजार लिटर पाणी टाकते. त्यातलं बहुतेक वाहून जाईल, पण थोडं चिरांतून उतरेल, आणि उतरलं की त्याला जायला जागा नाही. खाली काँक्रीट आहे. त्यातून आपल्याकडे फरशी बसवताना सबंध पाठीला माल न लावता चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून फरशी ठोकायची सवय सर्रास आहे. त्या गोळ्यांमधल्या पोकळ्यांत पाणी तळं करून बसतं. सिमेंट पाण्याशी बांधलं जाताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजे विझवलेला चुनाच, तयार होतो. साठलेलं पाणी तो विरघळवतं, ऊन पडलं की ते पाणी दर्जांतून वर खेचलं जातं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून चुना पांढरा खार होऊन दगडावर बसतो. घरची मंडळी मग तो घालवायला ॲसिड ओततात. शहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा हे चारही चुनखडीचे दगड, आणि ॲसिड चुनखडीच खातं. डाग जातो, त्याबरोबर दगडाचा तुकतुकीत पापुद्राही जातो. दोष दगडाच्या नावावर लिहिला जातो.

पूर्वपक्ष : हे वाईट कामाचं वर्णन झालं, पद्धतीचं नव्हे. माल सबंध पाठीला लावा. दर तीन-चार मीटरला काँक्रीट तोडून मोकळा सांधा सोडा, त्यात रबरासारखा लवचीक मसाला भरा. दर्जांना पाणी न शोषणारं चांगलं ग्राऊट वापरा. मोठमोठ्या इमारतींची आवारं अशीच करतात आणि ती टिकतात.

उत्तरपक्ष : टिकतात, हे मान्य. पण ती टिकवायला तिथे देखभालीचा करार असतो, लवचीक मसाला उन्हाने कडक झाला की काढून नवा भरणारी माणसं असतात. घराच्या अंगणाला हे लाभत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: हे काँक्रीट मुळात आलं कुठून? ते आलं पातळ फरशीच्या पाठोपाठ. घरात पायाखाली घालायला २ सेंटीमीटर जाडीची फरशी पुरते, कारण तिला खालून सगळीकडे टेका असतो आणि ऊन-पाऊस नसतो. तीच फरशी, तीच बसवण्याची रीत आपण उंबऱ्याबाहेर नेली. बाहेर पातळ फरशी नुसत्या खडीवर ठेवली तर मोडते, म्हणून तिला काँक्रीटचा टेका द्यावा लागला. दगडाच्या लादीची वाकताना न मोडण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते. २ सेंटीमीटरऐवजी ५ सेंटीमीटर घेतली तर सहा पटींहून अधिक. शहाबादी तर थराथराने सुटणारा दगड आहे, खाणीतच हव्या त्या जाडीचा निघतो. एवढी जाड लादी, लांबी-रुंदी दीड-दोन फुटांच्या आत ठेवली, तर घट्ट ठोकलेल्या खडीवर स्वतःच्या बळावर उभी राहते. मग तिला काँक्रीटची गरज उरत नाही, आणि काँक्रीट गेलं की त्याच्याबरोबर येणारं साठलेलं पाणी, खार आणि ताण हे तिन्ही जातात. काँक्रीटवरचा, पोलादी जाळीवरचा आणि ग्राऊटवरचा खर्च दगडाच्या जाडीत घालावा, असं माझं सांगणं आहे. पैसा पुन्हा वापरता येईल अशा वस्तूत राहतो.

म्हणजे खाली काय असावं, तेही नीट सांगायला हवं, कारण मोकळा थर म्हणजे ढिला थर असा समज आहे आणि तुमचा अर्धवटपणाचा आक्षेप त्यातूनच आला आहे. साधारण ३५ सेंटीमीटर खोदावं. तळाशी १५ सेंटीमीटर मुरूम, तो एकदम न ओतता दोन थरांत, पाणी मारून आणि रोलर किंवा धुम्मस फिरवून. मुरूम हा आपल्या काळ्या पाषाणाचाच झिजलेला भाऊ. खडा आणि बारीक माती यांचं त्यातलं मिश्रण ओलं करून ठोकलं की दगडासारखं बसतं. इथे एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे चुकते. ढाळ फक्त वरच्या फरशीला देतात. ठोकलेला मुरूम पाणी फारसं झिरपू देत नाही, म्हणून ढाळ मुरमालाच द्यायला हवा, ६० ला १ तरी. सहा मीटरला १० सेंटीमीटर. दर्जांतून उतरलेलं पाणी मुरमाच्या पाठीवरून खडीतून सरकत कडेच्या चरात गेलं पाहिजे. मुरमावर १० सेंटीमीटर खडी, मोठी खाली आणि बारीक वर, तीही ठोकून. त्यावर ३-४ सेंटीमीटर कच, म्हणजे क्रशरवरची बारीक खडीची चूर. नदीची वाळू नको: ती खडीच्या फटींत गळून जाते आणि वरचा दगड खचतो, शिवाय नद्या उपसून अंगणं करण्यात कसलं शहाणपण नाही. क्रशरची भुकटीही नको, ती पाणी धरून ठेवते. कचीवर लादी ठेवून रबरी हातोड्याने ठोकत पातळी धरायची, दोन लाद्यांत ८-१० मिलिमीटरची फट सोडायची आणि तीत बारीक कच झाडूने भरायची. असा बसवलेला दगड डुगडुगत नाही. तो डुगडुगला तर खडी ठोकलेली नाही, एवढंच त्यातून समजायचं.

पूर्वपक्ष : असे दगड वर्ष-दोन वर्षांत बाहेर सरकतात. कडेचे आधी.

उत्तरपक्ष : सरकतात, जर कड बांधलेली नसेल. इथे सिमेंटचं काम आहे आणि ते आनंदाने द्यावं. चारही बाजूंनी उभे दगड काँक्रीटमध्ये गाडून चौकट करावी, ढाळाच्या खालच्या अंगाला तीत पाणी सुटायला भोकं ठेवावीत. चौकट घट्ट आणि आतला मजकूर मोकळा. माझा वाद सिमेंटशी नाही. त्याला भलत्या जागी ठेवण्याशी आहे. गच्चीवर, जिथे खाली खोली आहे, तिथे ही मोकळी पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, पाणी अडवणारा थर तिथे लागेलच. घराच्या जोत्यालगतचा मीटरभर पट्टाही बंदिस्त आणि बाहेरच्या दिशेला ढाळ दिलेला हवा, पायाशी पाणी मुरवणं धोक्याचं. आणि अंगणात मोटार उभी राहणार असेल तर दीड फुटी लाद्या सोडून द्याव्यात. तिथे काळ्या पाषाणाचे ८-१० सेंटीमीटर जाडीचे लहान ठोकळे बसवावेत. मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर असेच ठोकळे होते आणि त्यांनी फार जड वाहतूक अंगावर घेतली.

पूर्वपक्ष : जुन्याचा दाखला देऊ नका. जुनं जे टिकलं तेवढंच आपल्याला दिसतं. जे फुटलं, खचलं, ते कुणी जपून ठेवलेलं नाही. मोकळ्या थरावरची शंभर अंगणं मोडली असतील आणि एक राहिलं असेल, तर त्या एकाचं कौतुक कशाला?

उत्तरपक्ष : हा आक्षेप या वादातला सगळ्यात सकस आहे. खरोखरच, जुनी बांधकामं उभी आहेत एवढ्यावरून ती पद्धत चांगली ठरत नाही. म्हणून मी टिकण्याकडे न बघता दुरुस्तीकडे बघतो. पोर्तुगालमध्ये उन्हाळे कडक आणि कोरडे, हिवाळे पावसाळी. तिथे लिस्बन शहराचे पदपथ चुनखडीच्या आणि बेसॉल्टच्या लहान तुकड्यांचे आहेत. १८४२ मध्ये साँ जॉर्जच्या किल्ल्यात हे काम झालं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रोसियू चौकात लाटांची नक्षी आली. हे तुकडे मोकळ्या थरावर हाताने ठोकून बसवतात. ते खचतात, उखडतात, खालून नळ आणि तारा टाकायच्या म्हणून वारंवार काढलेही जातात. पण तोच दगड त्याच जागी परत बसतो. नगरपालिकेने ही कारागिरी शिकवायला शाळा चालवली आहे. त्याच पदपथांबद्दल ते गुळगुळीत होऊन पावसात घसरतात अशी तक्रारही आहे, आणि आपण तीही ऐकली पाहिजे: अंगणाला चकचकीत पॉलिश कधीच करू नये, खाणीतून सुटलेला खरबरीत पापुद्रा किंवा टाकीचे घाव तसेच ठेवावेत. पण मूळ मुद्दा असा की मोकळ्या कामात बिघाड आणि विध्वंस वेगवेगळे राहतात. अंगणाखालचा नळ फुटला तर चार लाद्या उचलायच्या, काम झालं की त्याच परत ठेवायच्या. काँक्रीटवर चिकटवलेली फरशी काढताना दहातल्या बहुतेक फुटतात आणि दगड राडारोडा होतो. जुने वाडे पाडताना निघालेल्या लाद्यांना आज गिऱ्हाईक मिळतं, कारण त्या चुन्यात किंवा मुरमात बसवलेल्या होत्या आणि अखंड सुटतात. आजच्या फरशीला पन्नास वर्षांनी तसं गिऱ्हाईक मिळणार नाही.

पूर्वपक्ष : आणि काळी माती? विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे मुरूम सुटतोच कुठे? तिथे तुम्ही फटींतून पाणी खाली सोडायला सांगता म्हणजे मातीला फुगायचं आमंत्रणच देता.

उत्तरपक्ष : इथे सोपं उत्तर कुणाकडेच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यातली ओल ऋतूप्रमाणे कित्येक फूट खोलपर्यंत बदलते, म्हणून सगळी माती काढून टाकू म्हणणं घराच्या अंगणापुरतं अव्यवहार्य आहे. तुम्ही म्हणता तसं वरून झाकलं तर काय होतं ते बघा. पावसाळ्यात कडेची माती भिजून फुगते, मधली कोरडीच राहते. काँक्रीटच्या कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात आणि बसतात, मधला भाग ओल धरून वर राहतो. १० सेंटीमीटरचं काँक्रीट या उलटसुलट वाकण्याला पुरं पडत नाही, ते तडकतं, आणि तडा फरशीतून आरपार येतो. मोकळं अंगणही या जमिनीवर हलणारच, पण ते लाटेसारखं हलतं, तुटत नाही. पाण्याचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याची सोय खोदाईत करावी लागते: दोन फुटांपर्यंत माती काढावी, बाहेरून मुरूम आणून थराथराने ठोकावा, ढाळ थोडा जास्त ठेवावा आणि कडेच्या चरातलं पाणी अंगणापासून दूर न्यावं. ठोकलेला, ढाळाचा मुरूम इथे छत्रीसारखं काम करतो. तरीही चार-सहा वर्षांनी काही लाद्या उचलून कच सारखी करावी लागेल. काळ्या मातीवर कधीच हात लावावा लागणार नाही असं अंगण मला माहीत नाही, त्यामुळे हात लावणं सोपं असलेलं अंगण मी निवडतो.

गवत आणि मुंग्यांची भीती मात्र मला अतिरंजित वाटते. दर्जांत माती नसून कच असेल तर गवत तग धरत नाही. जे उगवेल ते श्रावणात एकदा हाताने उपटण्याएवढंच. मुंग्या बारीक रेती वर काढतात, जाड कच त्यांना झेपत नाही. विंचू दगडाखालच्या पोकळीत राहतो, आणि पोकळी मालाच्या गोळ्यांवर ठेवलेल्या फरशीखाली जास्त असते. ज्यांना दर्जा बंदच हव्यात त्यांनी सिमेंट न वापरता चुना आणि विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, वापरावी. चुन्याचा माल दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो, ताण स्वतः घेतो, चिरला तर खरवडून पुन्हा भरता येतो. घाणीत मळलेल्या चुन्याने दर्जा भरणारे जुने गवंडी हे जाणत होते. ते ज्ञान फार वेगाने चाललं आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वपक्ष : एवढं सगळं करून उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेवता येणार आहे का?

उत्तरपक्ष : भर दुपारी, उघड्यावर, कुठल्याच दगडावर नाही. काळा कडप्पा किंवा पाषाण सगळ्यात जास्त तापतो, फिकी पिवळी तांदूर त्यामानाने कमी; पण दगडाच्या रंगापेक्षा पश्चिमेला एक कडुलिंब किंवा करंज लावल्याने जास्त फरक पडतो. फरक दिसतो तो दिवेलागणीला. आपल्याकडे संध्याकाळी अंगणात पाण्याचा सडा टाकण्याची चाल आहे आणि तिच्यामागे भक्कम पदार्थविज्ञान आहे: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत आठ लिटर पाणी उकळीला येईल. बंदिस्त अंगणावरचा सडा पातळ पडद्यासारखा पसरतो, जास्तीचा मोरीकडे वाहतो आणि उरलेला काही मिनिटांत सुकतो. मोकळ्या अंगणात तेच पाणी दर्जांतून कचीत उतरतं, तिथे मुरतं आणि रात्री उशिरापर्यंत हळूहळू वर येत राहतं. कोकणातला सच्छिद्र जांभा तर ते स्वतःच्या अंगातच धरतो. त्याच ओलीमुळे पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ येतं आणि पाय घसरतो, म्हणून जांभ्याच्या अंगणात येण्याजाण्याच्या वाटेवर दुसरा, खरबरीत दगड घालावा.

राहिला प्रश्न कामाच्या वेळेचा. कंत्राटदार मे अखेरीस घाई करतात, पावसाआधी अंगण देऊन मोकळं व्हायचं म्हणून. खोदाई आणि मुरूम-खडीचं काम जरूर पावसाआधी करावं, पण शक्य असेल तर दगड बसवू नये. नुसती खडी एक पावसाळा उघडी राहू द्यावी. पाणी कुठे तुंबतं, कुठला कोपरा खचतो, चर वाहतो की नाही, हे त्या चार महिन्यांत दिसतं आणि दिसलेलं खोऱ्याने दुरुस्त करता येतं. दसऱ्यानंतर खडी पुन्हा ठोकून घ्यावी, कच पसरावी आणि मग लाद्या मांडायला सुरुवात करावी, ढाळाच्या खालच्या कडेपासून वर. पुढच्या पावसाळ्यात दर्जांतली कच थोडी खाली बसेल; तेव्हा एक-दोन घमेली कच आणून झाडूने परत भरावी.